निगेटिव्ह कुणाकडे ठेवायची?

मोबाईलवर मित्रांचा फोटो काढला की पुढे काय होणार ते ठरलेलं असतं. आधी 'दाखव'. मग चार डोकी एका स्क्रीनवर वाकतात. 'माझे डोळे मिटलेत, परत काढ.' 'हा नको, पोट दिसतंय.' 'हा डिलीट कर. आत्ता, माझ्यासमोर.' शेवटी 'ग्रूपवर टाक, पण स्टेटसला ठेवू नकोस.' अर्ध्या मिनिटात सगळं उरकतं. याला आपण संमती वगैरे जड शब्द वापरत नाही, पण असते ती संमतीच. ज्याचा चेहरा त्याचा शेवटचा शब्द, हा नियम कुणी न शिकवताही आपण बऱ्यापैकी पाळतो.

फिल्मच्या कॅमेऱ्यापुढे हा नियम चालत नाही. कॅमेऱ्याच्या पाठीला स्क्रीनच नाही, त्यामुळे 'दाखव' म्हणण्यात अर्थ नसतो. रोलमधले छत्तीस फोटो संपायला कधी तीन आठवडे लागतात, कधी तीन महिने. मग रोल धुवायला जातो. तोवर फोटो कसा आलाय हे काढणाऱ्यालाही माहीत नसतं. मधलाच एखादा नकोसा झाला तर तेवढा पुसायची सोय नाही. म्हणजे मित्र आपल्या हातात अशी एक गोष्ट देतो, जी त्याने पाहिलेली नाही आणि आपणही पाहिलेली नाही.

मग तो फोटो कुणाचा? ज्याने बटण दाबलं त्याचा, की ज्याचा चेहरा आहे त्याचा? आणि एकाच फोटोत दोन चेहरे असतील, दोघांचं म्हणणं वेगळं असेल, तर?

फिल्म आता पुन्हा आवडायला लागली आहे, आणि तिच्याबद्दल बोलताना 'खरेपणा' हा शब्द हमखास येतो. मला तो पटत नाही. आपल्या आजीआजोबांच्या अल्बममधले आगफा क्लिक थ्रीने काढलेले फोटो बघा. त्या रोलमध्ये बाराच फोटो बसायचे. फोटो महाग, म्हणून माणसं इस्त्रीचे कपडे घालून, श्वास रोखून, हात कुठे ठेवायचे ते न कळून उभी आहेत. त्यात खरेपणा आहे, पण तो घाबरलेपणाचा. आज तर आपण फिल्म धुऊन लगेच स्कॅन करतो आणि तो स्कॅन मोबाईलमध्येच येऊन पडतो. रोल, धुणं आणि स्कॅन धरून एका फोटोला चाळीस-पन्नास रुपये मोजायचे आणि शेवटी तो इन्स्टाग्रामवर इतर फोटोंच्या रांगेत लावायचा, याला खरेपणाची पदवी देणं जरा जास्तच होतं.

फिल्मकडे वेगळ्या दोन गोष्टी आहेत: उशीर, आणि एकच मूळ प्रत. मैत्रीबद्दलचा जो प्रश्न मोबाईलमध्ये अर्ध्या मिनिटात झाकून जातो, तो या दोन गोष्टींमुळे उघडा पडतो.

आधी उशीर. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक असतात. शटर उघडतं, क्षणभर प्रकाश आत येतो, आणि जिथे तो पडतो तिथल्या स्फटिकांत चांदीचे मोजके अणू एकत्र येतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. कोरी फिल्म आणि फोटो काढलेली फिल्म शेजारी ठेवली तर फरक कळणार नाही. अर्थात तसं उजेडात ठेवून बघताही येत नाही, कारण बघितलं की दोन्ही वाया. या अवस्थेला सुप्त प्रतिमा म्हणतात. पुढे लॅबमध्ये ३८ अंशांच्या आसपास तापमानाच्या रसायनात रंगीत फिल्म सव्वातीन मिनिटं बुडवली की ते मोजके अणू वाढून चित्र होतं. मधल्या काळात फोटो काढून झालेला असतो, पण तो कुणाकडेच नसतो. जग मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. धुतलेला फोटो हातात येतो तेव्हा त्यातली माणसं तीच असतात, त्यांची परिस्थिती तीच असेल असं नाही.

हे मला एका फोटोमुळे कळलं.

गेली चार वर्षं मी पुण्यात माझ्या मित्रांचे फोटो फिल्मवर काढतोय. कॅमेरा मामाच्या कपाटात सापडलेला कोडॅक केबी-१०, नव्वदच्या दशकात घरोघरी असायचा तो. आम्ही सगळे सदाशिव पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या आसपास राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे. त्यामुळे फोटोतही तेच जग आहे: अभ्यासिकेतल्या टेबलावर चिकटवलेलं वेळापत्रक, कॉट बेसिसच्या खोलीत दोरीवर वाळणारे टॉवेल, मेसच्या ताटात पुन्हा आलेली तीच बटाट्याची भाजी, रात्री दीड वाजता बंद शटरसमोर अजून चहा मिळेल या आशेवर उभे असलेले तिघे.

हे का काढायचं, याचं माझ्याकडे कारण आहे. ज्याची पोस्ट निघते त्याचे फोटो भरपूर निघतात. गुलालातला निघतो, गावात फ्लेक्स लागतो, क्लासच्या जाहिरातीत चौकटीत फोटो येतो. ज्याची निघत नाही, त्याची पाच-सहा वर्षं कुणाच्याच अल्बममध्ये नसतात. घरचे विचारत नाहीत, तो सांगत नाही. पण ती वर्षं काही रिकामी नव्हती. त्यात मैत्र्या झाल्या, आजारपणं काढली गेली, एकमेकांच्या डब्यातलं खाऊन दिवस निघाले. हे कुठेतरी राहावं असं मला वाटायचं, अजूनही वाटतं.

एका निकालाच्या दिवशी दोन मित्र अभ्यासिकेच्या जिन्यात एकाच मोबाईलवर वाकले होते. निकालाची पीडीएफ उघडलेली, एकाचा अंगठा नंबरांची यादी खाली सरकवतोय, दुसऱ्याने त्याचं मनगट घट्ट धरलंय. जिन्याच्या खिडकीतून उजेड येत होता. मी 'काढू का?' विचारलं. दोघांपैकी कुणीतरी, वर न बघता, 'काढ रे' म्हणालं. मी काढला. रोलमधला अकरावा फोटो. त्या क्षणी दोघांनाही आपला नंबर सापडलेला नव्हता. दोघं सारखेच होते.

पुढच्या दोन मिनिटांत ते सारखे राहिले नाहीत. एकाचा नंबर होता, दुसऱ्याचा नव्हता. माझा रोल संपून धुऊन आला तो दोन महिन्यांनी. तोवर पहिल्याचे सत्कार आटोपत आले होते, आणि दुसरा गादी, पुस्तकं आणि बादली घेऊन गावी परतला होता.

फोटो फार सुंदर आला होता. पहिल्याला पाठवला तर त्याचा लगेच फोन आला. 'अरे, माझ्या आयुष्यातला बेस्ट फोटो आहे हा. गावातल्या सत्काराला मोठा करून लावतो.' दुसऱ्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. रात्री एकच ओळ आली. 'भावा, हा कुणाला दाखवू नको.'

आता इथे परवानगी होती की नव्हती? मी विचारलं होतं, 'काढ' असं उत्तर मिळालं होतं. पण ते उत्तर ज्याने दिलं तो माणूस निकालाच्या अलीकडचा होता. फोटो आला तो निकालाच्या पलीकडे. त्या 'काढ रे'चा आधार घेऊन मी दोन महिन्यांनंतरच्या माणसाला बांधून ठेवणं, हे मला न्यायाचं वाटेना.

कॅमेऱ्यामुळे माणसाच्या खासगीपणाचं काय होतं, ही काळजी जुनी आहे. जॉर्ज ईस्टमन यांचा पहिला कोडॅक कॅमेरा १८८८ साली आला. शंभर फोटोंचा रोल आत भरूनच मिळायचा, संपला की अख्खा कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. फोटो काढायला आता फोटोग्राफर असण्याची गरज उरली नाही. दोनच वर्षांनी, १८९०मध्ये, सॅम्युअल वॉरन आणि लुईस ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. त्यात झटपट निघणाऱ्या फोटोंची आणि ते छापणाऱ्या वर्तमानपत्रांची काळजी स्पष्ट दिसते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं.

पण हा सगळा विचार मुख्यतः परक्यांपासून आणि सत्तेपासून बचावाचा आहे. मित्राची गोष्ट उलटी असते. मित्राने आपल्याला आधीच घरात घेतलेलं असतं. तो आपल्यासमोर रडतो, घोरतो, फाटक्या बनियनवर फिरतो, घरच्यांशी फोनवर खोटं बोलतो. परक्याला जे चोरून टिपावं लागेल ते आपल्यासमोर सहज पडलेलं असतं. त्यामुळे आपली गल्लत होते. जवळ असण्याची परवानगी म्हणजेच फोटो काढण्याची परवानगी, आणि काढण्याची म्हणजेच दाखवण्याची, असं आपण धरून चालतो. या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. पहिली मैत्रीने मिळते. दुसरी विचारून मिळते. तिसरी दर वेळी नव्याने मागावी लागते, कारण ती देणारा माणूस बदलत असतो आणि ज्यांना दाखवायचं ती माणसंही.

इथे फिल्मची दुसरी गोष्ट कामाला येते: एकच मूळ प्रत.

दिल्लीच्या छायाचित्रकार दयानिता सिंग १९८९ साली लंडनच्या 'टाइम्स'साठी हिजडा समाजाचे फोटो काढायला जुन्या दिल्लीत गेल्या. तिथे त्यांना मोना अहमद भेटल्या. मोनांनी फोटो काढू दिले. पण ते लंडनच्या वर्तमानपत्रासाठी आहेत हे कळल्यावर त्यांनी रोल परत मागितले; लंडनमध्ये त्यांचे नातेवाईक होते. दयानितांनी रोल देऊन टाकले. हातातलं काम गेलं. पण तिथून जी मैत्री सुरू झाली ती मोना २०१७ साली वारल्या तोपर्यंत टिकली. मधल्या काळात, २००१ साली, 'मायसेल्फ मोना अहमद' हे पुस्तक निघालं. त्यातला मजकूर मोनांचा स्वतःचा आहे, त्यांनी प्रकाशकाला पाठवलेल्या ईमेलचा.

ही गोष्ट वाचली तेव्हा माझं लक्ष रोलवर अडकलं. रोल परत देता आला, कारण तो एकच होता. दिला म्हणजे खरंच गेला. मोबाईलमधला फोटो असा परत देता येत नाही. आपण 'डिलीट केला' म्हणतो, पण तो बॅकअपमध्ये असतो, कुणाच्या तरी ग्रूपमध्ये असतो, क्लाउडवर असतो. परत करणं ही कृतीच तिथे उरत नाही, उरतं ते फक्त आश्वासन. ज्या गोष्टीला हातात धरता येतं, ती सोडूनही देता येते.

मग सरळच आहे, मित्राने मागितली की निगेटिव्ह देऊन टाकायची आणि विषय संपवायचा. एवढं सोपं असतं तर हा लेख लिहायची गरज नव्हती. कारण दुसऱ्या बाजूलाही वजन आहे.

अमेरिकेच्या नॅन गोल्डिन यांनी सत्तरच्या दशकापासून आपल्या मित्रमैत्रिणींचे फोटो काढले: खाटेवरचे, बाथरूममधले, पार्टीतले, भांडणानंतरचे. न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये त्या संगीताच्या साथीने याच फोटोंच्या स्लाइड दाखवत. सुरुवातीच्या खेळांना समोर बसलेली माणसं बरीचशी पडद्यावरचीच असत. १९८६मध्ये याचं पुस्तक झालं, 'द बॅलड ऑफ सेक्शुअल डिपेंडन्सी'. मारहाणीने सुजलेला, डोळा काळानिळा पडलेला स्वतःचा चेहराही त्यांनी त्यात ठेवला. दुसऱ्यांना उघडं करताना स्वतःला झाकलं नाही. पुढे एड्सच्या साथीत त्यांच्या त्या वर्तुळातली कितीतरी माणसं गेली. त्यांची जिवलग मैत्रीण कुकी म्युलर १९८९ साली गेली. सरकार आणि समाज ज्यांच्याकडे बघायलाही तयार नव्हता, ती माणसं कशी हसायची, कशी नाचायची, हे आज कळतं ते त्या फोटोंमुळे. प्रत्येकाने 'मला काढून टाक' म्हटलं असतं आणि प्रत्येकाचं ऐकलं गेलं असतं, तर हा पुरावा उरला नसता.

आपल्याकडे पाब्लो बार्थोलोम्यू यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत दिल्ली, मुंबई आणि कलकत्त्यात आपल्या तरुण मित्रांचे, त्यांच्या खोल्यांचे, रिकाम्या दुपारींचे फोटो काढले. 'आउटसाइड इन' या नावाने ते प्रदर्शनात मांडले गेले २००७ साली, म्हणजे काढल्यानंतर तीन दशकांच्या आसपास. त्या शहरांतल्या तरुणांच्या बिनमहत्त्वाच्या दुपारी कशा होत्या, हे सरकारी दफ्तरात सापडणार नाही. मित्राच्या निगेटिव्हमध्ये सापडतं.

म्हणजे नोंद ठेवणं हेही कर्तव्य आहे, आणि नोंदीतून बाहेर राहू देणं हेही. जिन्यातल्या फोटोपुढे ही दोन कर्तव्यं माझ्यासमोर समोरासमोर उभी राहिली. ज्यांची वर्षं कुणी टिपत नाही त्यांची टिपावीत, हा माझा हेतू. आणि ज्याच्यासाठी हा हेतू, तोच म्हणतोय दाखवू नको. मी स्वतःला बरेच युक्तिवाद करून पाहिले. की हे त्याच्याच भल्याचं आहे. की दहा वर्षांनी तो आभार मानेल. की हा फोटो त्याच्या एकट्याचा नाही, एका पिढीचा आहे. यातला प्रत्येक युक्तिवाद कदाचित खरा असेल, पण त्याच्या वतीने तो करायचा अधिकार मला नव्हता. 'पिढी' हा शब्द मी वापरतो तेव्हा तो पिढीचा नमुना होतो. तो माझा मित्र आहे, नमुना नाही. गोल्डिन यांच्या फोटोंना वजन आहे ते त्या स्वतः त्याच खोलीत, त्याच जखमांसह होत्या म्हणून. मी त्या जिन्यात होतो खरा, पण त्या वर्षी मी परीक्षेला बसलोच नव्हतो. त्या यादीत माझा नंबर असण्या-नसण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या मित्राचाही हक्क होता, हे विसरून चालणार नाही. त्या फोटोत त्याचा चेहरा होता, त्याचं मनगट होतं, आणि ते मनगट धरणारा हात त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत जवळच्या माणसाचा होता. त्याला फोटो हवा होता तो फुशारकीसाठी नव्हे. तो म्हणाला, 'सत्कारात सगळे एकट्याचे फोटो लावलेत रे. मी एकटा नव्हतो.' याला उत्तर नाही.

मी तिघांचा फोन जोडला. बोलणं लांबलं, मध्येच सगळे गप्पही झाले. शेवटी गावच्या मित्राने स्वतःच तोडगा काढला. म्हणाला, 'एक प्रिंट याला दे. मोठी नको, पोस्टकार्डाएवढी. सत्काराला लावायची नाही. आणि निगेटिव्ह माझ्याकडे पाठव. मी फाडणार नाही. फक्त ती कुठे आहे हे मला माहीत असू दे.'

लॅबवाले निगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून देतात. एकच फोटो वेगळा करायचा म्हणजे पट्टी मधून कापायची. लॅबमधल्या काकांना ते आवडलं नाही. 'एकटी सुटी निगेटिव्ह स्कॅनरमध्ये नीट बसत नाही, नंतर पस्तावशील,' म्हणाले. कापली. त्यांच्या संगणकावरचा स्कॅन त्यांनी पुसला, माझ्याकडचा मी पुसला, पहिल्या मित्राने त्याच्याकडचा. हे आम्ही खरंच केलं याचा गावच्या मित्राकडे काही पुरावा नाही. शिवाय प्रिंटचाही मोबाईलवर फोटो काढता येतोच. म्हणजे फिरून फिरून गोष्ट विश्वासावरच आली. एकच मूळ प्रत असल्यामुळे एवढंच झालं की विश्वासाला एक वस्तू मिळाली. कुरिअरच्या पाकिटात घालता येईल अशी.

यात नोंद हरली का? मला तसं वाटत नाही. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांचं फोटोग्राफीवरचं पुस्तक १९८० साली आलं. त्याच्या केंद्रस्थानी त्यांच्या आईचा लहानपणीचा एक फोटो आहे. त्याच्याबद्दल ते पानंच्या पानं लिहितात, पुस्तकात इतर अनेक फोटो छापतात, पण तो छापत नाहीत. तो त्यांच्यापुरताच होता. आपल्याला तो कुणा एका मुलीचा जुना फोटो दिसला असता. फोटो असणं आणि दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण ज्या काळात वाढलो त्यात न दिसणारा फोटो म्हणजे नसलेलाच फोटो, अशी सवय लागली आहे. पण जिन्यातला फोटो आहे. एक प्रिंट एका नायब तहसीलदाराच्या लक्ष्मीकांतच्या पुस्तकात आहे, निगेटिव्ह एका गावातल्या कपाटात आहे. आणि त्या दोघांचं दर आठवड्याला बोलणं होतं.

तुम्हीही मित्रांचे फोटो काढत असाल, फिल्मवर किंवा मोबाईलवर, तर एक साधी गोष्ट सुचवतो. काढल्यावर विचारणं पुरेसं नाही, काही काळाने पुन्हा विचारा. नोकरी गेली, लग्न ठरलं, मोडलं, माणूस गाव सोडून गेला किंवा गावी परतला, की जुन्या फोटोचा अर्थ बदलतो, आणि तो बदल आपल्याला बाहेरून दिसत नाही. मी आता प्रत्येक रोलसाठी वहीत चार रकाने करतो: फोटोचा क्रमांक, कोण आहे, केव्हा विचारलं, निगेटिव्ह कुणाकडे. तिसऱ्या रकान्यात तारखा वाढत जातात. काहींनी 'हो'चं 'नको' केलं. दोघांनी 'नको'चं 'हो' केलं, त्यातल्या एकीने तर स्वतःच्या दुकानात लावायला मोठी प्रिंट मागितली.

पुण्याच्या पावसाळ्यात निगेटिव्हवर बुरशी धरते. म्हणून त्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्या लागतात, आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्या लागतात. गेल्या जूनमध्ये मी गावच्या मित्राला अशा चार पुड्या पाठवल्या. त्याने विचारलं नाही कशासाठी. फक्त कळवलं, 'मिळाल्या. ठेवल्या.'